‘लाय लो’ : अर्थ, उपयोग आणि वारजे

सोसायटीचा सेक्रेटरी निवडून येतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा बिबवेवाडीला आमच्याकडे वार्षिक सभेला यावं. आमच्या ‘सुमुख’ सोसायटीत सेक्रेटरी निवडून येत नाही, तो सापडतो. सभेला जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात एकमताने माळ पडते. यज्ञेश्वर पटवर्धन हर्नियाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते तेव्हा सेक्रेटरी झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांना ही बातमी लगेच द्यावी की टाके काढल्यावर, यावरून घरात मतभेद झाले होते. त्यांच्या आधीचे गृहस्थ मुलीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेले होते. ते परतले ते थेट टँकरवाल्याच्या भांडणात. तेव्हापासून आमच्या सभेला एकूण एक सभासद हजर असतो. अंगात ताप असलेला माणूस शाल पांघरून येतो, पण येतो. बाहेरचे लोक याला सहकाराची आवड म्हणतात.

मी श्यामसुंदर आगाशे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि ही गोष्ट घडली त्या वर्षी एप्रिलात निवृत्त झालो. सोसायटीच्या दारात एक फळा आहे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पटवर्धनांच्या सूचना असतात. उदाहरणार्थ, ‘जिन्याखाली स्कूटर लावू नये. लावल्यास चाकात हवा स्वखर्चाने भरावी.’ खालचा अर्धा भाग माझा. तिथे मी रोज सकाळी एक इंग्रजी क्रियापद लिहितो, त्याचा अर्थ, आणि उपयोगासाठी एक वाक्य. सोसायटीत हे कोणी वाचत नाही, पण एक दिवस चुकलं तर तीन जण येऊन विचारतात की बरं नाही का. शिक्षकाला याहून अधिक प्रतिसादाची सवय नसते.

माझ्या निवृत्तीचा खरा हिशेब मात्र हेमाशी होता. हेमा म्हणजे माझी पत्नी. चौतीस वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत पाच ते आठ शिकवण्या चालल्या आणि चौतीस वर्षं ती पाच ते आठ स्वयंपाकघरात दार लोटून बसली. कुकरची शिट्टीसुद्धा ती दोन बॅचच्या मधे काढायची. कधी एखादी शिट्टी चुकून मधेच झाली, तर मी दार किलकिलं करून म्हणायचो, “अगं, आवाज थोडा कमी.” निवृत्तीच्या दिवशी मी तिला शब्द दिला, की यापुढच्या सगळ्या संध्याकाळी तुझ्या.

आणि मी तो पाळला. रोज पाच वाजता आम्ही तळजाईच्या टेकडीवर जायला लागलो. तिथे आमचा एक ठरलेला दगड आहे. त्यावर बसून खारे दाणे खायचे आणि गप्पा मारायच्या. गप्पा म्हणजे हेमा बोलायची. वरच्या टाकीचा बॉलकॉक कसा अडकतो, म्हणून पाणी कसं गच्चीवर वाहून जातं, पंप पहाटेऐवजी दुपारी लावला तर टँकर कसा लागणारच नाही, असं काहीबाही. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण बोलताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की मी आपला मान हलवत ऐकत राहायचो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपली बायको छान बोलते हे कळणं ही मोठीच मिळकत आहे. ती मी कोणत्याही किमतीला सोडणार नव्हतो.

तर अशा सुखात असताना एका सकाळी पटवर्धन खरवस घेऊन आले.

पटवर्धनांनी आजवर कोणाला ताकसुद्धा दिलेलं नाही. मी सावध झालो. “सर, आपण आता मोकळेच,” ते म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा फोटो नोटीस बोर्डावर लागलेला दिसला. त्यांची मुदत संपत होती. शेजारच्या नीरजाबाई लिमये यांनी पक्की बातमी आणली, की रविवारच्या सभेसाठी पटवर्धनांनी शाल आणि नारळ आणून ठेवला आहे. मी हजर राहिलो तर सत्कार करून गळ्यात घालणार, गैरहजर राहिलो तर रिवाजाप्रमाणे गळ्यात पडणार.

“तुम्ही बीपी सांगा,” नीरजाबाई म्हणाल्या.

“बीपी सगळ्यांनाच आहे,” तिसऱ्या मजल्यावरचे श्रीधर दांडेकर म्हणाले. “मागच्या खेपेला सात जणांनी सांगितलं. तुम्ही बहिरे व्हा. मी झालो होतो. फक्त नंतर महिनाभर निभावावं लागतं, आणि बायको त्याचा फायदा घेते.”

“अहो, उभं राहून सरळ नाही म्हणा ना,” हेमा म्हणाली.

“हेमा, माणसाने शाल हातात धरल्यावर नाही म्हणता येत नाही.”

“मग मला म्हणू द्या. नाहीतर…” ती थांबली. “जाऊ दे. मला कोण विचारतंय.”

मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण मी सोसायटीच्या उपविधींत डोकं घातलं होतं. आणि तिथे मला मार्ग सापडला. जो माणूस गैरहजर आहे त्याला पद द्यायचं तर त्याची लेखी संमती हवी! आजवर आमच्यात जे जे सापडले, त्या सगळ्यांच्या सह्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून घेतल्या होत्या. हर्नियाच्या सहीवर तर सलाइनचा डाग आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून मी निबंधकांच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून डबा खात होते.

“गैरहजर माणसाची संमती लागते का हो?”

“गैरहजराची लागते, सहसदस्याला उभं राहायचं असेल तर मुख्य सदस्याची लागते, सगळ्यालाच कोणाची ना कोणाची लागते.”

“हे लेखी मिळेल?”

“लेखी हवं तर लेखी अर्ज करावा लागेल. अर्जाचा नमुना शेजारच्या टेबलावर.”

शेजारच्या टेबलामागे कोणी नव्हतं.

“ते कुठे आहेत?”

“ते गैरहजर आहेत,” कारकुनांनी भाजी चाखत सांगितलं.

पण एक गोष्ट हाती लागली. नव्या कमिटीचे कागद सोमवारी कचेरी बंद व्हायच्या आत आले नाहीत तर सोसायटीवर सरकारी प्रशासक येतो, आणि प्रशासक म्हटलं की आमच्या लोकांची पाचावर धारण बसते. म्हणजे सोमवार संध्याकाळपर्यंत मी सापडलो नाही, तर त्यांना दुसरा कोणी पकडावाच लागणार. नुसतं गैरहजर राहून भागणार नव्हतं. हाती लागता कामा नये होतं. इंग्रजीत यासाठी नेमकं क्रियापद आहे : लाय लो.

हे क्रियापद नीट समजून घेतलं पाहिजे. नुसतं लपणं निराळं. लहान मूल पलंगाखाली जाऊन बसतं ते लपणं, आणि त्याला तर सापडायचंच असतं. ‘लाय लो’ करणाऱ्याला सापडायचं नसतं, आणि कायमचं नाहीसंही व्हायचं नसतं. गवगवा शांत होईपर्यंत मान खाली घालून पडून राहायचं, आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने दूध आणायला बाहेर पडायचं. मराठीत यासाठी एक सुटसुटीत शब्द नाही. याचं कारण मला असं वाटतं, की मराठी माणसाला लपून बसल्यावर ते चार जणांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. योगायोग पाहा, फळ्यावर मी वर्णक्रमाने जात होतो आणि शुक्रवारी याच क्रियापदाची पाळी होती. धंद्याशी बेइमानी माझ्याने होत नाही. मी ते लिहिलं, अर्थ लिहिला, आणि चौतीस वर्षं वर्गात देत आलो तेच उदाहरण दिलं : ‘चोर गवगवा शांत होईपर्यंत एका खेड्यात लपून राहिला.’ मग घरी येऊन मच्छिंद्रला फोन केला.

मच्छिंद्र माझा जुना विद्यार्थी. वारजे तेव्हा नुकतंच महापालिकेत आलं होतं. जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि मच्छिंद्र त्यांना विटा-वाळू पुरवत होता. वडिलांचं जुनं घर, अंगण, गोठा मात्र त्यांनी अजून तसंच ठेवलं होतं.

“मच्छिंद्र, मला सोमवारपर्यंत लाय लो करायचंय,” मी म्हणालो.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“सर,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुमी?”

“हो. मीच.”

“फोनवर आजून एक शब्द बोलू नका. मी गाडी घिऊन येतो.”

मुद्दा असा, की माझ्या चौतीस वर्षांच्या अध्यापनातून मच्छिंद्रच्या लक्षात ते क्रियापद राहिलं नव्हतं, ते उदाहरण राहिलं होतं. चोर, गवगवा आणि खेडं. मी पीएमटीच्या बसने सरळ जाणार होतो. त्याऐवजी शनिवारी भरदुपारी विटांच्या टेम्पोत, ताडपत्रीखाली, मांडीवर पिशवी घेऊन मी वारज्याला गेलो. कात्रजच्या बाजूने वळसा घालून गेलो. वाटेत एका सिग्नलला हवालदार दिसला तसा मच्छिंद्रने माझ्यावर आणखी एक ताडपत्री टाकली. “सर, जे काय झालं आसंल ते झालं,” तो पुढून म्हणाला. “आमी हाय.” मला भरून आलं. निदान विद्यार्थी तरी सेक्रेटरीपदाचं दुःख जाणतो, असं मला वाटलं.

वारज्याला त्याचे वडील आप्पासाहेब अंगणात उभेच होते. त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, मला दंडाला धरून थेट गोठ्यात नेलं आणि कडब्याच्या गंजीमागे पसरलेल्या घोंगडीवर बसवलं. समोर एक म्हैस होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“मास्तर, हितं कुनाचा बाप येनार न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. “आता बोला. किती जनं मागावर हाईत?”

“चोवीस,” मी म्हणालो. आमच्या सोसायटीत पंचवीस बिऱ्हाडं आहेत.

आप्पासाहेबांनी पागोटं सारखं केलं. “आन तुमी केलं काय?”

“मी काहीच केलं नाही हो. ते मला सेक्रेटरी करायला निघालेत.”

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मच्छिंद्रकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

“म्हंजी पद देत्यात?”

“हो.”

“फुकाट?”

“हो.”

“आन तुमी पळाला?”

“हो.”

“मास्तर,” ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “आमच्यात सरपंचकीपायी भावानं भावाचं डोस्कं फोडलंय. ग्रामपंचायत गेली तवा हिथली चार मान्सं रडली. तुमाला खरं सांगायचं नसंल तर नका सांगू, पन आमाला येडं समजू नका.”

मी उपविधी समजावून सांगितले, हर्निया सांगितला, शाल-नारळ सांगितला. जितकं सांगावं तितकं ते बनावट वाटायला लागलं. शेवटी माझं मलाच ते खोटं वाटलं. मच्छिंद्रची आई सोजरबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आवं, नका तेंना तरास दिऊ. मानूस चुकतं. मास्तर, तोंड पोळंल, दमानं खावा.” चौतीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला गोठ्यात क्षमा मिळत होती, आणि पिठलं इतकं अप्रतिम होतं की मी ती स्वीकारली.

संध्याकाळी पाच वाजले आणि मला तळजाई आठवली. हेमा एकटी गेली असेल का? दाणे कोणाशी वाटून खाल्ले असतील? सोमवारनंतर पुन्हा रोज जायचं, असं मी म्हशीला सांगितलं.

आप्पासाहेबांनी बंदोबस्त मात्र जंगी ठेवला. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी स्वतः बजावलं, की मच्छिंद्रचे मास्तर आपल्या गोठ्यात लपलेत, हे कुणालाही सांगायचं नाही. त्यामुळे रविवारी उजाडल्यापासून लोक मला पाहायला येऊ लागले. येणारा आधी म्हशीची चौकशी करायचा, मग कडब्याच्या गंजीमागे डोकावून मला नमस्कार करायचा आणि “आमी तुमाला बगितलंच न्हाई” असं सांगून जायचा. एक बाई अंडी ठेवून गेली. दोन गृहस्थांनी मला वकिलाचं नाव सुचवलं. एकाने सातबाऱ्याचं काम विचारलं, कारण त्याच्या मते माझ्यासारखा माणूस सरकारी दप्तरात आतवर पोचलेला असणार. निवृत्तीच्या दिवशी शाळेतसुद्धा माझी इतकी विचारपूस झाली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायला लागलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर क्रियापद यशस्वी झालं असतं. पण आप्पासाहेबांचे शेजारी दत्तोबा यांना वाटलं की शत्रूच्या गोटात काय चाललंय ते पाहून यावं. दत्तोबा सकाळच्या पहिल्या बसने बिबवेवाडीला गेले. सोसायटीच्या दारात सभेसाठी सगळे जमले होते आणि माझी शोधाशोध चालू होती. दत्तोबांनी तिथे जाऊन, आवाज काही फारसा न दाबता, विचारलं, “हितं आगाशे मास्तर म्हनून कोन ऱ्हात्यात का? ते आमच्याकडं न्हाईत.”

“आपण कुठले?” पटवर्धनांनी विचारलं.

“वारज्याचा. पन ते तितं न्हाईत. गोठ्यात बी न्हाईत.”

यानंतरचं मला नंतर कळलं. कोणीतरी म्हणालं, सभा तहकूब करू. पटवर्धन म्हणाले, “तहकूब केली तर पुन्हा नोटीस काढावी लागेल. सभा तहकूब नाही, सभा प्रवासात आहे.” स्थळाची अडचण निघाली तेव्हा त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत ‘पुणे महापालिका हद्दीत’ एवढंच लिहायचं ठरवलं, कारण वारजे आता हद्दीत होतं. मग चार सहा-आसनी रिक्षा ठरवल्या गेल्या. दत्तोबांना पुढच्या रिक्षात ड्रायव्हरशेजारी मानाने बसवलं. त्यांना वाटलं आपण या लोकांना भलतीकडेच नेतोय, पण घर जवळ आल्यावर त्यांच्याने राहवेना आणि त्यांनी रिक्षा थेट आप्पासाहेबांच्या दारात उभी करवली.

सकाळी अकराच्या सुमारास अंगणात एकदम कालवा झाला. कडब्याच्या फटीतून मी पाहिलं. अख्खी सुमुख सोसायटी आप्पासाहेबांच्या अंगणात उभी होती. पटवर्धनांच्या काखेत वही, दांडेकरांच्या हातात नारळ, आणि सगळ्यांच्या मागे हेमा.

“मास्तर हितं न्हाईत,” आप्पासाहेब कमरेवर हात ठेवून गरजले. मग पाहुणे आहेत हे लक्षात येऊन म्हणाले, “बसा. चा घ्या.”

“वैरनीत बी न्हाईत,” दत्तोबा म्हणाले.

लोक बाजांवर बसले. गोठ्याच्या दारातल्या दोरीवर माझा लाल काठाचा पंचा वाळत होता. हेमा चालत चालत तिथपर्यंत आली. तिने पंचा पाहिला. तो पंचा तिने मला गेल्या दिवाळीत घेतला होता. तिने इकडे तिकडे पाहिलं, पंचा दोरीवरून काढला, व्यवस्थित चौघडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि परत जाऊन बसली. बायकोवर माझं प्रेम आहेच, पण त्या क्षणी ते किती आहे हे मला मोजता आलं नसतं.

चहा आला. आता पटवर्धन थकतील, लोक घड्याळं पाहतील आणि दुसरा कोणीतरी सापडेल, अशी माझी अटकळ होती. झालंही जवळपास तसंच. नीरजाबाई म्हणाल्या, “सर नाहीत तर नाहीत. दुसरं कोणी बघू या.”

“दुसरं कोण?” पटवर्धन म्हणाले. “अहो, सरांसारखा सेक्रेटरी मिळणं नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही. कागद पुढे केला की सही करतात. आणि आपण ओरडलो तर तेच सॉरी म्हणतात.”

“जिन्याखालची माझी स्कूटर काढा म्हणून ते जन्मात सांगणार नाहीत,” दांडेकर म्हणाले. “आणि वर्षभर इंग्रजीत सूचना मिळतील, म्हणजे कोणाला पाळायलाही नकोत.”

सगळे मनमोकळे हसले. आप्पासाहेबही हसले, आणि त्यांना तर काही कळलंही नव्हतं. मला वाटत होतं की माझ्या विद्वत्तेसाठी हे लोक माझ्यामागे लागलेत. निदान माझ्या मोकळ्या वेळासाठी तरी. कडब्यात बसून मला समजलं की त्यांना एक मऊ माणूस हवा होता. वाईट याचं वाटलं, की त्यात खोटं काढण्यासारखं काही नव्हतं. मी लपलो होतो तेही उभं राहून नाही म्हणता येईना म्हणूनच.

तेवढ्यात हेमा उभी राहिली.

“मी करते,” ती म्हणाली.

पटवर्धनांनी चहाची बशी खाली ठेवली.

“वहिनी, तुम्ही म्हणजे…” पटवर्धन म्हणाले. “टँकरवाले, प्लंबर, महापालिका. भानगडी असतात.”

“टँकर लागणारच नाही. वरच्या टाकीचा बॉलकॉक दोन वर्षं अडकलेला आहे, निम्मं पाणी गच्चीवरून जातं. पंप तुम्ही पहाटे लावता तेव्हा नळाला जोर नसतो, तो दुपारी लावायचा. जिन्याखालच्या स्कूटरी उद्या निघतील. आणि पटवर्धन, गच्चीच्या खोलीला तुमचं कुलूप आहे. आत तुमची जुनी कपाटं आहेत. ती निघाली की तिथे सगळ्यांना बसता येईल.”

मी ऐकत होतो. हे मी सगळं ऐकलेलं होतं, तळजाईच्या दगडावर, दाणे खाताना. मला वाटलं होतं ती गप्पा मारते आहे. ती मला इतके दिवस सांगत होती की हे काम मला करायचंय. आणि मी मान हलवत होतो.

नीरजाबाई म्हणाल्या, “माझी सूचना. हेमाताईंचं नाव.”

आता दांडेकर आपल्या स्कूटरच्या किल्लीकडे पाहत होते आणि बाकीचे आपापल्या चपलांकडे. पटवर्धनांनी उपविधींचं पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“माझी काहीच हरकत नाही हो वहिनी. पण फ्लॅटचे मुख्य सदस्य सर. तुम्ही सहसदस्य. सहसदस्याला उभं राहायचं तर मुख्य सदस्याची लेखी संमती लागते.” त्यांनी पुस्तक मिटलं. “आणि मुख्य सदस्य तर सापडत नाहीत. तेव्हा तो प्रश्न मिटला.”

“म्हणजे नाहीच,” हेमा म्हणाली. ती हळूच खाली बसली. तिने पिशवीवर हात ठेवला, आत पंचा होता. गोठ्याकडे तिने एकदासुद्धा पाहिलं नाही. एक शब्द उच्चारला असता तर मी सापडलो असतो, आणि तिने तो उच्चारला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या संध्याकाळी उभ्या राहिल्या. तो दगड, ते दाणे, ती बोलते आहे आणि मी ऐकतो आहे. सही केली की ते संपलं. नुसतं सोमवारपर्यंत बसून राहिलो असतो तर ते सगळं माझं होतं. फक्त तिथे बसून ती पुन्हा बॉलकॉकबद्दल बोलली असती, आणि या वेळी मला कळलं असतं की ती काय सांगते आहे. ते मला सहन झालं नसतं.

मी उठलो. उठताना कडब्याची अर्धी गंज अंगावर आली, म्हैस दचकली, आणि मी अंगणात आलो तो डोक्यापासून पायापर्यंत वैरणीत. सोजरबाई किंचाळल्या. आप्पासाहेब पुढे धावले, “मास्तर, आत व्हा! आमी हाय!”

“पेन द्या,” मी म्हणालो.

“वा वा, सर!” पटवर्धन शाल उलगडत पुढे आले. “या, या. इथे सही.”

“तिथे नाही. संमती कुठे लिहायची ते दाखवा. हेमाची.”

“सर, शांतपणे विचार करा…”

“पटवर्धन,” मी म्हणालो. मुद्दाम सांगतो, आवाज चढला होता आणि मी सॉरी म्हणालो नाही. “मी उभं राहून तुम्हाला नाही म्हणतो आहे. आणि शाल तिला घाला.”

मच्छिंद्रने खिशातलं पेन पुढे केलं. मी सही केली. वहीच्या पानात अजून कडब्याचं एक पान आहे. नारळ आप्पासाहेबांनी फोडला. एवढं सगळं खरंच एका पदापायी झालं हे त्यांना त्या वेळी पटलं, आणि त्यांनी हेमाला हात जोडून सांगितलं, “ताई, लढून घेतलंत. बेस केलंत.”

परतीच्या रिक्षात हेमाने पिशवीतून पंचा काढला आणि माझ्या केसांतला कडबा झटकला. “अहो, संध्याकाळचं काय?” ती म्हणाली. मी म्हणालो, बघू.

आता टँकर येत नाही. गच्चीची खोली उघडी आहे. दांडेकर संध्याकाळी स्कूटर ढकलत, इंजिन बंद ठेवून आत आणतात, आणि पटवर्धन परवा मला विचारत होते की आप्पासाहेबांचा गोठा चार दिवस मिळेल का. फळा संपूर्ण माझ्याकडे आला आहे. वरच्या भागात हेमा सांगेल ते लिहायचं, खाली क्रियापद.

पाच ते आठ आमच्या बाहेरच्या खोलीत सोसायटीची कचेरी असते. प्लंबर येतो, लोक तक्रारी घेऊन येतात, आणि हेमा बोलत असते. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसतो. तिचं सगळं बोलणं तिथे नीट ऐकू येतं, आणि आता मला ते कळतंही. आठ वाजले की ती उठते आणि आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन दाणे आणतो. काल प्लंबरशी तिचं बोलणं रंगात आलं असताना माझ्याकडून कुकरची एक शिट्टी मधेच झाली. दार किलकिलं झालं.

“अहो, आवाज थोडा कमी,” हेमा म्हणाली.

मी गॅस बारीक केला.